कौल कसा लावला?

गोमंतकातील देवळांत कौल लावण्याची एक जुनी रीत आहे. देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवितात, भाविकाच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते, आणि कोणती पाकळी आधी गळून पडते ते पाहून देवाने होकार दिला की नकार, हे ठरते. सर्वांचे डोळे त्या वेळी पाकळीवर खिळलेले असतात. परंतु निकालाचा निम्मा भाग पाकळी पडण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो, आणि तो ठरतो गाऱ्हाण्याच्या शब्दांनी. ‘मुलीचे लग्न ह्या स्थळी करावे का?’ असे विचारणे वेगळे, आणि ‘ह्या स्थळी लग्न औंदा करावे की पुढल्या वर्षी?’ असे विचारणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नात स्थळ आधीच पक्के झालेले आहे. त्याविषयी बोलण्यास देवाला जागाच ठेवलेली नाही.

दिनांक १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या जनतेपुढे जो प्रश्न ठेवण्यात आला, त्यालाही मराठीत आपण ‘जनमत कौल’ असेच म्हणतो. हे नाव ज्याने रूढ केले त्याला देवळातला कौल आठवत होता की नाही, ते सांगता येणार नाही. पण नाव समर्पक आहे खरे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, असे दोन पर्याय मतपत्रिकेवर होते. विलीनीकरणासाठी फुलाची खूण होती, वेगळे राहण्यासाठी दोन पानांची. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांवर १,७२,१९१ शिक्के उमटले, फुलावर १,३८,१७०. ७,२७२ मते बाद झाली. म्हणजे ३४,०२१ मतांच्या अधिक्याने विलीनीकरणाची सूचना फेटाळली गेली. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर आणखी १७,०११ माणसांनी पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता, तर आज पणजी महाराष्ट्रातील एक जिल्ह्याचे ठाणे असती.

एवढी हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. मला आजच्या भाषणात तिच्या मागेपुढे घडलेल्या दोन गोष्टी तिच्या शेजारी ठेवून पाहावयाच्या आहेत. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. विलीनीकरण हेच ध्येय असलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १४ जागा जिंकल्या, वेगळेपणाचा कैवार घेणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाने १२. आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पुढे १९६७ च्या मार्चमध्ये, म्हणजे जनमत कौलानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, पुन्हा विधानसभेची निवडणूक झाली. तीत त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १६ जागा मिळाल्या आणि तेच बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या पक्षाचे ध्येय लोकांनी जानेवारीत नाकारले, त्याच पक्षाच्या हाती त्यांनी मार्चमध्ये राज्य दिले! लोक इतके चंचल असतात काय? मला तसे वाटत नाही. लोक बहुतांशी तेच होते. प्रश्न बदलले होते.

१९६३ चा प्रश्न काय होता? कागदोपत्री तो आमदार निवडण्याचा होता. पण पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या कुळाच्या दृष्टीने तो असा होता : भाटकाराचे राज्य हवे की आपले? बांदोडकर स्वतः खाणमालक खरे, पण बहुजनसमाजातून वर आलेले, उदार हाताचे, आणि गोरगरिबांशी त्यांच्या भाषेत बोलणारे. पोर्तुगीज अमलात ज्यांना शाळेचा उंबरठाही दिसला नव्हता, अशा समाजाला त्यांच्या पक्षाने मान दिला. ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्या समाजाला नकाशावरील एखाद्या राज्याचे नाव म्हणून ऐकू येत नव्हता. कुळकायदा, मराठी शाळा आणि जातीच्या उतरंडीतून सुटका, ह्या तिहींचे ते एक नाव झाले होते. पक्षाने निवडणूक जिंकली आणि निकालाचा अर्थ लावला तो मात्र असा, की गोवा विलीनीकरणाच्या बाजूने बोलला. एका मताच्या पुडीत चार गोष्टी बांधलेल्या असताना पुडी विकत घेणाऱ्याला नेमके काय हवे होते, हे दुकानदाराने ठरवावे, तसा हा प्रकार झाला. त्यात काही फसवणूक होती असे मी म्हणणार नाही. निवडणुकीत सगळेच पक्ष असे करतात.

१९६५ साली गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, महाराष्ट्राच्या विधानसभेनेही केला. विधानसभेच्या बहुमतानेच प्रश्न निकालात काढावयाचा म्हटले असते, तर तो तेथेच निकालात निघाला असता. विरोधकांनी सगळी शक्ती खर्च केली ती उत्तर बदलण्यासाठी नव्हे. प्रश्न वेगळा विचारला जावा यासाठी. युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक द सिक्वेरा यांची मागणी होती की हा विषय निवडणुकीच्या पुडीतून सोडवून एकटा लोकांपुढे ठेवावा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही त्यासाठी दिल्लीत खटपट केली. १९६६ च्या डिसेंबरात संसदेने त्याप्रमाणे कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा, ही मागणीही मान्य झाली आणि तेथे राष्ट्रपती राजवट आली. मात्र मुंबईत व इतरत्र नोकरीधंद्यासाठी गेलेल्या गोमंतकीयांना मताचा अधिकार असावा, ही विरोधकांची मागणी फेटाळण्यात आली. कोणाला विचारावयाचे, हाही प्रश्नाचाच भाग असतो. तो भाग विरोधकांच्या मनासारखा झाला नाही.

आता शब्दांकडे वळू. ‘विलीनीकरण’ हा शब्द आपल्याला, विशेषतः बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर ह्या जुन्या संस्थानी शहरांतील मराठी माणसाला, फार ओळखीचा आहे. १९४८-४९ साली संस्थाने विलीन झाली, तेव्हा त्या शब्दाला लोकराज्याचा वास होता. राजा गेला आणि प्रजा आली. गोव्यातील विलीनीकरणवाद्यांनी हा तयार शब्द उचलला तो त्या वासासकट. परंतु गोव्यात विलीन व्हावयाला राजा नव्हताच. परकी सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजीच गेली होती. विलीन व्हावयाची होती ती तीन वर्षे वयाची विधानसभा. साडेचारशे वर्षांनंतर मिळालेली, आपल्या माणसांनी भरलेली, पणजीत बसणारी. विरोधकांना ही फट दिसली. मीठ पाण्यात विलीन होते, मग मीठ कोठे राहते? शब्द तोच, पण आता त्याचा वास बदलला. बडोद्यात ज्याचा अर्थ ‘मोकळे होणे’ असा होता, त्याचा गोव्यात ‘नाहीसे होणे’ असा अर्थ होऊ लागला.

शब्दाच्या ह्या सामर्थ्याविषयी एक परदेशी दाखला येथे देण्यासारखा आहे. १९४१ साली अमेरिकेत लोकमताची एक चाचणी घेण्यात आली. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणे करण्यास परवानगी द्यावी काय, असे एका गटाला विचारले. शेकडा ६२ जण म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या तशाच गटाला विचारले, अशा भाषणांना बंदी घालावी काय? तेव्हा बंदी घालावी म्हणणारे शेकडा ४६ च भरले. परवानगी न देणे आणि बंदी घालणे, ह्यांत व्यवहारतः काय अंतर आहे? काही नाही. पण ‘बंदी’ म्हटले की दंडुका डोळ्यांपुढे येतो, आणि दंडुका हाती घेण्यास माणूस कचरतो.

गोव्यात हे शब्दयुद्ध मराठी वर्तमानपत्रांतून लढले गेले, आणि ह्यातच त्या इतिहासाची खरी मौज आहे. १९६२ साली बा. द. सातोस्कर यांच्या संपादकत्वाखाली निघालेला ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा होता. त्याची मांडणी सरळ होती : आपली भाषा मराठी, आपले देव, आपली कीर्तने, आपली नाटके, सारे महाराष्ट्राशी जोडलेले, कोकणी ही मराठीचीच एक बोली, तेव्हा पोर्तुगीजांनी तोडलेला अवयव पुन्हा देहाला जोडावयाचा, एवढेच काय ते काम. ही मांडणी भावनेला हात घालणारी होती, शिवाय तिच्यामागे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ताजे वारे होते. तिच्यातील प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

विरोधकांची मांडणी सुरुवातीला लंगडी होती. ती मांडणारे म्हणजे कॅथलिक आणि भाटकार, असे चित्र जनमानसात होते. आणि चित्रही एक प्रकारची मांडणीच असते. हिंदू म्हणजे मराठी म्हणजे विलीनीकरण. ख्रिस्ती म्हणजे कोकणी म्हणजे वेगळेपण. हे समीकरण एकदा रुजले की काम संपले, कारण ख्रिस्ती लोकसंख्या दोन-पंचमांशाहूनही कमी होती. मी स्वतः ख्रिस्ती असून वर्गात मराठी शिकवितो, त्यामुळे हे समीकरण मला जरा अधिक टोचते, हे कबूल करावयास हवे. इंग्रज जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले ते मराठीत, आणि त्यांनीच कोकणीचे व्याकरणही रचले. एकाच पाद्रीच्या मेजावर दोन्ही भाषा सुखाने नांदत होत्या. पण प्रचाराच्या धामधुमीत सतराव्या शतकातील पाद्रीला कोण विचारतो!

हे समीकरण मोडले ते मडगावच्या ‘राष्ट्रमत’ ह्या दैनिकाने. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते. पत्र विलीनीकरणाच्या कट्टर विरोधातले, कोकणीच्या अभिमानाचे. आणि निघत होते मराठीत. वरवर पाहता ही विसंगती वाटते. पण जरा विचार केला म्हणजे ध्यानात येते की ह्याहून मोठे शहाणपण त्या सबंध लढ्यात दुसरे झाले नाही. ख्रिस्ती मतदाराला पटवून देण्याचे फारसे काम उरलेच नव्हते. ज्याचे मन दोलायमान होते तो हिंदू गोमंतकीय, आणि त्याची वाचनाची भाषा मराठी. मराठी ही ज्याच्या प्रेमाची भाषा आहे त्याला मराठीतच सांगावयाचे की मराठीवरचे प्रेम एक आणि पणजीची सत्ता मुंबईला देणे दुसरे. हे वाक्य रोमी लिपीतील कोकणी पत्रात छापले असते, तर त्याला काडीइतके वजन आले नसते. मराठीत छापल्याने ते वाक्य स्वतःच स्वतःचा पुरावा झाले.

‘राष्ट्रमता’त उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर येत असे. भेंब्रे त्या वेळी तिशीच्या आतले तरुण. विलीनीकरणवाद्यांच्या एकेका मुद्द्याचा समाचार ते घेत, आणि चर्चा भाषाशास्त्रावरून काढून घरादारावर आणीत. कोकणी बोली की भाषा, हा वाद विद्वानांचा. त्यात सामान्य माणसाला न्यूनगंडाखेरीज काही मिळत नाही. त्याऐवजी विरोधकांच्या प्रचारात प्रश्न येऊ लागले ते असे : सरकारी नोकऱ्या कोणाला मिळणार? गोवा एक जिल्हा झाला तर कामासाठी मुंबईला किती खेपा घालाव्या लागतील? महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आहे, मग माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराच्या पोटाचे काय? ह्या प्रश्नांना जात नव्हती आणि धर्मही नव्हता. रेंदेर बहुधा ख्रिस्ती आणि कारकुनीची आशा धरणारा मुलगा बहुधा हिंदू, पण दोघांची धास्ती एका ओळीत बसली. हा बदल लहान दिसतो; मला तो निर्णायक वाटतो. ‘तू कोण आहेस?’ ह्या प्रश्नाच्या जागी ‘तुझे काय होणार?’ हा प्रश्न आला.

धास्ती दाखवून मते मिळविणे हे काही उच्च प्रतीचे लोकशिक्षण नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो खोडून काढणे सोपे नाही. महाराष्ट्रात गेल्याने कुळांना जमिनीचे हक्क लवकर मिळाले असते काय, ह्या प्रश्नाची चर्चा त्या गदारोळात मागे पडली, आणि तो प्रश्न ज्यांच्या जिव्हाळ्याचा होता त्यांना तो मागे पडल्याचे दुःख होणे साहजिक होते. कोणतीही मांडणी एका वस्तूवर उजेड टाकते तेव्हा दुसरी अंधारात जाते. कंदील एकच असतो.

छापील शब्दाच्या मर्यादाही विसरता कामा नयेत. १९६० च्या सुमारास गोव्यात साक्षरतेचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते. ‘ब्रह्मास्त्र’ कितीही अचूक असले, तरी ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत ते पोहोचावे कसे? तेथे गाणे उपयोगी पडले. उल्हास बुयांव यांच्या पथकाने गावोगाव कोकणी गाणी गायिली. मनोहरराय सरदेसाय यांच्यासारख्या कवींची कोकणी रचना लोकांच्या ओठी आली. वर्तमानपत्र मराठीत आणि गाणे कोकणीत, ही वाटणी नामी होती : बुद्धीला पटवावयाचे ते वाचनाच्या भाषेत, आणि काळजाला भिडवावयाचे ते आईच्या भाषेत. आणि ‘आमचें गोंय आमकां जाय’ ही चार शब्दांची घोषणा तर कोणत्याही अग्रलेखाला भारी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या ‘झालाच पाहिजे’ ह्या गर्जनेत आग्रह होता, त्वेष होता. ह्या कोकणी वाक्यात मूल आईजवळ आपली वस्तू मागते तसा सूर आहे. ‘आमचे आम्हांला हवे’ म्हणणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे कठीण असते.

पण कायद्याच्या चष्म्यातून पाहिले तर काय दिसते? दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. केंद्रशासित प्रदेशावर अखेरची सत्ता दिल्लीची. तेथे नायब राज्यपाल बसतो, आणि विधानसभेचे अधिकार राज्याच्या विधानसभेपेक्षा तोकडे असतात. ‘आमचें गोंय आमकां’ ह्या वचनाची पूर्तता त्या पानांत कोठेच नव्हती. गोवा स्वतंत्र घटक राज्य व्हावे, हा पर्याय मतपत्रिकेवर छापलेलाच नव्हता. मुंबई की दिल्ली, एवढेच विचारण्यात आले होते. आणि लोकांनी ‘गोवा’ असे उत्तर दिले. तसेच फुलाचेही. फुलात ना कुळकायदा लिहिलेला होता, ना मराठी शाळा. फुलावर शिक्का मारणाऱ्या पेडण्याच्या शेतकऱ्याने त्यात आपल्या मनातले वाचले, आणि पानांवर शिक्का मारणाऱ्या साष्टीच्या ख्रिस्ती गृहिणीने आपल्या मनातले. मतपत्रिकेवरील खूण रिकाम्या भांड्यासारखी असते; प्रचार म्हणजे ते भांडे भरण्याची चढाओढ.

आकडे पाहिल्यास हे भांडे कोणी किती भरले ते दिसते. साष्टीसारख्या तालुक्यात विलीनीकरणाविरुद्ध प्रचंड मतदान झाले, पेडणे-डिचोलीकडे ते बाजूने झाले. इतकेच असते तर जुने समीकरण खरे ठरले असते. पण सारे ख्रिस्ती मतदार एकजुटीने दोन पानांकडे गेले असे धरले, तरी टाकलेल्या मतांपैकी शेकडा ५४ चा पल्ला त्यांच्या एकट्याच्या बळावर गाठता येत नाही. बरीच हिंदू मते दोन पानांवर पडल्यावाचून हा निकाल लागणे शक्य नव्हते. त्यांतील कित्येक मतदार डिसेंबर १९६३ मध्ये बांदोडकरांचे होते आणि मार्च १९६७ मध्ये पुन्हा बांदोडकरांचे झाले, असाच ह्या तिन्ही निकालांचा मेळ लागतो. जानेवारीत त्यांना विचारले, गोवा ठेवावयाचा की नाही? त्यांनी सांगितले, ठेवा. मार्चमध्ये विचारले, गोव्याचा कारभारी कोण? त्यांनी सांगितले, भाऊसाहेब. ह्या दोन उत्तरांत विसंगती शोधणारा मनुष्य पुडी सोडविण्यास अजून तयार नाही, असे म्हणावे लागेल. बांदोडकरांनीही ते ओळखले. १९७३ साली निधन होईपर्यंत ते मुख्यमंत्री राहिले, आणि विलीनीकरणाचा विषय मागे पडला तो पडलाच.

जनमत कौलाच्या स्मृतीचीही नंतर मांडणी झालीच. १६ जानेवारी हा दिवस गोव्यात ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळला जातो, आणि डॉ. सिक्वेरा यांना जनमत कौलाचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. दोन्ही गोष्टी योग्यच. पण ‘जनक’ म्हटले की दिल्लीला खेपा घालणारे काकोडकर, मराठीतून लिहिणारे केणी आणि भेंब्रे, हे सारे चित्राच्या कडेला सरकतात. आणि ‘अस्मिता’ म्हटले, की ज्या १,३८,१७० लोकांनी फुलावर शिक्का मारला तेही गोमंतकीयच होते, त्यांनाही गोव्याचे बरेच व्हावे असे वाटत होते, ही गोष्ट झाकली जाते.

मतपत्रिकेवर नसलेला तिसरा पर्याय पुढे वीस वर्षांनी आला. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. त्यासाठी कोणाचा कौल घेण्यात आला नाही. त्याच वर्षी राजभाषेचा कायदाही झाला. त्याने कोकणीला राजभाषा म्हटले आणि मराठीचाही शासकीय कामासाठी उपयोग करण्याची तरतूद केली. मराठीचे अभिमानी आणि कोकणीचे अभिमानी त्या एकाच कायद्यातील निरनिराळ्या ओळींवर बोट ठेवून आजही बोलतात. त्याच कायद्यात कोकणीची व्याख्याही दिलेली आहे. कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी, असे ती व्याख्या सांगते. १९६७ साली जी ख्रिस्ती घरे दोन पानांच्या पाठीशी सर्वांत घट्ट उभी राहिली, त्यांची कोकणी पिढ्यान्‌पिढ्या रोमी लिपीत लिहिली जात आलेली होती.